रेइश मागुशचे चर्च

ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनागृहाला उर्दूत आपण ‘गिरजा’ म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘इग्रेजा’पासून आला आहे. कोकणीत त्याचेच ‘इगर्ज’ झाले. पाद्री, चावी, पाव हे शब्दही याच वाटेने आपल्या घरात शिरले. आज आपण अशाच एका जुन्या गिरजाघराची ओळख करून घेऊ.

मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा करीत गेलो की पत्रादेवीजवळ गोव्याची हद्द लागते. म्हापसा मागे टाकून मांडवी नदीच्या उत्तर तीरावर आलो की वेरें गाव येते. समोर नदीपलीकडे पणजी शहर दिसते. येथे टेकडीवर किल्ला आहे आणि पायथ्याशी पांढरेशुभ्र चर्च. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी ते १५५५ मध्ये उभारले. बार्देश तालुक्यातील हे पहिले चर्च होय.

‘रेइश मागुश’ हे नाव ऐकायला परके वाटते. पण तुम्हांला ते सहज उलगडेल. ‘रेइश’ म्हणजे राजे. ‘मागुश’ हा शब्द मूळचा इराणचा. आपल्या उर्दूतला ‘मजूसी’ त्याचाच भाऊ! हजरत ईसांच्या जन्मानंतर पूर्वेकडून काही ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागाने त्यांच्या दर्शनाला आले, अशी कथा बायबलमध्ये आहे. त्यांनी सोने, लोबान आणि बोळ अर्पण केले. ते किती होते हे बायबल सांगत नाही. भेटी तीन, म्हणून लोकांनी राजेही तीन मानले. हाच प्रसंग येथील मुख्य वेदीवर लाकडात कोरून रंगवलेला आहे. दरवर्षी ६ जानेवारीला येथे सण असतो. त्या दिवशी तीन मुलगे राजांचा पोशाख करून घोड्यांवरून मिरवत येतात.

चर्चची दर्शनी भिंत नीट पाहा. वर पोर्तुगालच्या राजाचे मुकुटासह राजचिन्ह आहे. लिस्बनहून येणारे व्हाइसरॉय येथे मुक्काम करीत, हे लक्षात घेतले म्हणजे एका खेड्यातील चर्चला एवढा थाट का, ते कळते. भिंतींचा पांढरा रंगही केवळ शोभेचा नाही. जांभा दगड सच्छिद्र असतो. कोकणातल्या पावसात तो उघडा राहिला तर झिजतो, म्हणून गोव्यात चर्चच्या भिंतींना चुन्याचा गिलावा देत.

आत दोम लुईश द आताइद या व्हाइसरॉयच्या समाधीचा कोरीव दगड आहे. विजापूरच्या अली आदिलशहाने १५७०-७१ मध्ये गोव्याला वेढा घातला, तेव्हा शहर राखणारा तो हाच. वरचा किल्लाही असाच चिवट. १७३९ मध्ये मराठ्यांनी जवळजवळ सारे बार्देश जिंकले. पण हा किल्ला आणि आग्वाद त्यांच्या हाती आले नाहीत.

मला मात्र सर्वांत जास्त विचार करायला लावले ते पायऱ्यांजवळच्या दगडी सिंहांनी. त्यांची घडण युरोपची नाही, विजयनगरच्या शिल्पांसारखी आहे. येथे पूर्वी देऊळ होते, असे त्यावरून अनेक जाणकार मानतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखाली गोव्यातील देवळे आणि मशिदी पाडल्या गेल्या, हा इतिहास आहे आणि तो कडू आहे. तो लपवू नये. पण आज त्या पायऱ्या चढून प्रार्थनेला जाणाऱ्या गावकऱ्यांवर त्याचा राग काढणे म्हणजे शुद्ध अन्याय. शिवाय सिंह कोरणारे हात याच मुलखातल्या कारागिरांचे असणार. त्यांची नावे कोठेच लिहिलेली नाहीत. व्हाइसरॉयचे नाव तेवढे दगडावर आहे.