सुडोकू : अंदाजाविना उकल

जबलपूरहून खजुराहोला गेलेल्या प्रवाशाला तेथील पार्श्वनाथ मंदिरात सोळा घरांचा अंकचौकोन कोरलेला आढळतो. त्याच्या प्रत्येक ओळीची, स्तंभाची व कर्णाची बेरीज ३४ येते. सुडोकू त्याच्याच नात्यातले वाटते. परंतु त्यात बेरीज कोठेच लागत नाही. कोणता अंक कोठे बसतो, एवढाच प्रश्न.

अवघड कोडे मध्येच अडले की पुष्कळजण अंदाजाने एखादा अंक लिहितात आणि दहा मिनिटांनी सारे खोडत बसतात. त्याऐवजी रिकाम्या घरांत संभाव्य अंक पेन्सिलीने बारीक लिहावेत व एकाच अंकाचा, समजा ५ चा, माग काढावा. दुसऱ्या ओळीत ५ केवळ तिसऱ्या वा आठव्या स्तंभात बसू शकतो आणि सातव्या ओळीतही नेमके तसेच आहे, असे समजू. एका ओळीत तो तिसऱ्या स्तंभात गेला, तर दुसरीत आठव्यातच जाणार. काहीही झाले तरी या दोन स्तंभांचे ५ याच दोन ओळींत बसतात. तेव्हा त्या स्तंभांतील इतर घरांतून ५ निःशंकपणे खोडावा. ही रीत ‘एक्स-विंग’ म्हणून ओळखली जाते.

तीन ओळी व तीन स्तंभ घेतले की तिलाच ‘स्वोर्डफिश’ म्हणतात. ती मात्र सरावलेल्या डोळ्यांनाही सहज सापडत नाही.