एकाच संगणकात दोन संसार

मध्य रेल्वेच्या मुख्य उपनगरी मार्गावर १५०० व्होल्टच्या डीसी विजेची जागा टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टच्या एसी विजेने घेतली. हे काम २०१५ मध्ये पूर्ण झाले. मधल्या काळात ठाणे, डोंबिवली, कल्याणचे प्रवासी दोन्ही विजांवर चालणाऱ्या लोकलने ये-जा करत होते, कारण केवळ डीसीवर चालणारी जुनी गाडी नव्या तारेखाली निरुपयोगी होती. याच परिसरातून ऐरोली-महापेला कामाला जाणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्यांची रोजची अडचण साधारण अशीच असते.

कोणताही प्रोग्राम आज पूर्णपणे स्वतः लिहिलेला नसतो. त्यात इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजे असतात, त्या पॅकेजांच्या पोटात आणखी पॅकेजे. प्रत्येकाच्या आवृत्त्या निराळ्या. पायथॉन भाषेत आकडेमोडीसाठी सर्रास वापरले जाणारे ‘नमपाय’ घ्या. जून २०२४ मध्ये त्याची २.० आवृत्ती आली आणि १.x साठी तयार केलेली कित्येक पॅकेजे तिच्याबरोबर चालेनात. ज्यांनी आवृत्ती ठरवून दिली नव्हती, त्यांच्याकडे नवी आवृत्ती आपोआप उतरली. काल चालणारा प्रोग्राम आज बंद! ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे या व्यवसायातले जुने पालुपद इथूनच येते.

एका जागी एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदते. मग जुन्या प्रकल्पाला १.२६ आणि नव्याला २.० हवी असेल तर? दोघांची चूल वेगळी करायची. पायथॉनमध्ये २०१२ पासून ‘व्हेन्व’ ही सोय आहे. तिच्यामुळे प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजे स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतात. जोडीला ‘लॉक फाइल’ असते: कोणते पॅकेज, नेमकी कोणती आवृत्ती, याची यादी. ती सहकाऱ्याला दिली की त्याच्याकडेही तीच मांडणी उभी राहते.

पण कुलूप लावून विसरून जाणे अधिक घातक. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील ‘लॉगफोरजे’ या नोंदी ठेवणाऱ्या पॅकेजमधले भगदाड जगजाहीर झाले. विशिष्ट मजकूर नोंदीत शिरला की परक्याला तो संगणक चालवता येई. गांभीर्य दहापैकी दहा! दुरुस्त आवृत्ती लगेच आली. मात्र सदोष आवृत्ती आपल्याकडे कुठे आहे, हेच अनेक संस्थांना ठाऊक नव्हते, कारण ती पॅकेजच्या पोटातल्या पॅकेजमध्ये दडलेली होती. सॉफ्टवेअरमधील घटकांची आवृत्तीसह यादी कशी ठेवावी, याची मार्गदर्शक तत्त्वे भारताच्या ‘सर्ट-इन’ने २०२४ मध्ये जाहीर केली.