गाठीतल्या पेशी केमोला पुरून कशा उरतात?

डॉक्सोरुबिसिन हे केमोथेरपीतले जुने आणि आजही भरपूर वापरले जाणारे औषध. स्तनाचा कर्करोग, लिम्फोमा, हाडांचा सार्कोमा अशा अनेक आजारांत ते शिरेतून देतात. त्याचा रंग गडद लाल. सलाईननंतर एक-दोन दिवस लघवीही लालसर होते आणि घरचे घाबरतात. पण ते रक्त नसते, औषधाचाच रंग असतो.

हे औषध पेशीचा डीएनए तोडते, हे त्याचे मुख्य काम. त्याचे दुसरे कामही चालू असते. पेशीत शिरल्यावर ते एक इलेक्ट्रॉन घेते, तो ऑक्सिजनला देते आणि पुन्हा मूळ रूपात येऊन पुढच्या फेरीला तयार होते. त्यातून सुपरऑक्साइड, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोहाशी गाठ पडली की अतिशय जहाल हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होते. हे रेणू पेशीचे पटल, प्रथिने, डीएनए असे जे समोर येईल ते जाळत सुटतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. सिस्प्लॅटिन, आर्सेनिक ट्रायॉक्साइड आणि रेडिएशन यांचाही काही मारा याच मार्गाने होतो.

वेगाने वाढणाऱ्या कर्कपेशीत असा ताण आधीपासूनच असतो. त्यामुळे औषधाने थोडी भर घातली की ती कोलमडायला हवी. पुष्कळ पेशी कोलमडतातही. उरतात त्यांची तयारी मात्र चोख असते.

या तयारीचा कणा म्हणजे ग्लुटाथायोन. तीन अमिनो आम्लांच्या या छोट्या रेणूतील सिस्टीनचे गंधक हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी करून टाकायला कामी येते. वापरले गेलेले ग्लुटाथायोन एनएडीपीएच पुन्हा ताजे करते आणि हे एनएडीपीएच पेशी बरेचसे ग्लुकोजपासून मिळवते. सिस्प्लॅटिनला तर ग्लुटाथायोन थेट चिकटते आणि मग पटलावरचे पंप ती जोडी बाहेर फेकतात. सिस्टीनचा पुरवठा तुटू नये म्हणून अनेक गाठी एक्ससीटी नावाचे वाहक प्रथिन वाढवतात. ते ग्लुटामेट बाहेर सोडून त्याच्या बदल्यात सिस्टिन, म्हणजे सिस्टीनची जोडी, आत घेते.

हा सगळा कारभार एनआरएफ२ या प्रथिनाच्या हुकमाने चालतो. एरवी कीप१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि नष्ट करवते; एनआरएफ२चे आयुष्य जेमतेम वीस मिनिटांचे. ताण वाढला की कीप१ची पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात जाते आणि बचावाची शेकडो जनुके चालू करते. जपानमधील मासायुकी यामामोतो आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये कीप१ची ओळख करून दिली. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत कीप१चे जनुकच बिघडलेले असते. मग एनआरएफ२ला आवर घालणारे कोणी उरत नाही आणि औषध पोहोचण्याआधीच पेशी सज्ज असते. अशा गाठी केमो आणि रेडिएशन या दोन्हींना दाद देत नाहीत.

मग ग्लुटाथायोनच तोडले तर? ब्युथिओनिन सल्फॉक्झिमीन त्याची निर्मिती थांबवते. रुग्णांवर त्याच्या चाचण्याही झाल्या, पण ते नित्याच्या उपचारात आले नाही. एक्ससीटी बंद केले तर पटलातील मेदाचे ऑक्सिडीकरण होऊन पेशी मरते; या मृत्यूला 2012 मध्ये फेरोप्टोसिस हे नाव मिळाले. खरी अडचण अशी की हेच ग्लुटाथायोन यकृत, अस्थिमज्जा आणि हृदय यांनाही सांभाळते. हृदयाची ही बाजू मुळात लंगडी. म्हणून तर डॉक्सोरुबिसिनच्या आधी टू-डी इको करतात आणि त्याच्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेला मर्यादा असते.

उलट बाजूची चूक घराघरांत होते: ताकद यावी म्हणून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या. फिनलंडमध्ये सुमारे 29,000 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 1994 मध्ये आला. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटण्याऐवजी 18 टक्क्यांनी वाढला होता. स्वीडनमधील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले, की ई जीवनसत्त्व आणि एन-ॲसिटिलसिस्टीन यांनी उंदरांच्या फुप्फुसातील गाठी अधिक वेगाने वाढल्या. हे दोन्ही पुरावे केमो चालू असतानाचे नाहीत, तरी सावध करायला पुरेसे आहेत. जेवणातली फळे-भाज्या ही वेगळी गोष्ट. पण केमो चालू असताना अशी कोणतीही गोळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.