जागलीची पिशवी

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आणले, पण देगलूरच्या शेतकऱ्याचं रात्री रानात जाणं काही थांबलं नाही. रानडुकरांपासून पीक राखायचं असतं, कधी रात्री वीज आली म्हणून मोटर चालू करायची असते. अशा जागलीला भाकरीच्या फडक्याशेजारी मावेल एवढी औषधाची पिशवी हवी.

त्यात काय? साबणाची वडी, पोविडोन आयोडीन, निर्जंतुक गॉज, रुंद क्रेप बँडेज, चिकटपट्टी, ओआरएसची पुडी, पॅरासिटामॉल. विळ्याने कापलं तर गॉज घट्ट दाबून धरायचा. सारखा उचलून बघायचा नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन लसीसाठी दवाखाना गाठायचा.

खरी परीक्षा सापाची. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, पण ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्यामुळे ते पिशवीत ठेवून उपयोग नाही. ब्लेड आणि आवळायची दोरीही नकोच. अंगठी, कडं काढा, पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. ॲस्पिरिन तर अजिबात नको. घोणस चावल्यावर रक्त आधीच गोठेनासं होतं. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणत झोपणं जिवावर बेतू शकतं.

म्हणून दंशाची शंका आली तरी लगेच दवाखाना गाठा; देगलूरशेजारच्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण पाहत आले आहेत.

पिशवीत सर्वात मोलाची वस्तू बॅटरी. ती आणि चार्ज केलेला मोबाइल जवळ ठेवा; रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.