रामटेकचा डोंगर आणि सायकलची चाल

२०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या आत एकट्याने पुरी केली. पुढच्याच वर्षी त्यांनी रशियातली ट्रान्स-सैबेरियन शर्यतही पार केली. आता नागपुरात सायकलचा विषय निघाला की बोलणं अंतर आणि वेळेवर येतं. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत करायची लांब सायकलफेरी, साडेतेरा तासांत संपवायची, ३०० ची वीस तासांत. या मंडळींबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण ती ज्या रस्त्यांवरून भरधाव निघून जातात, त्यांच्या दोन्ही बाजूंनाच विदर्भाचा सगळ्यात जुना इतिहास पडलेला आहे. तो बघायला वेग कामाचा नाही. थांबत, विचारत, चहा पीत जायला हवं.

सायकलवरून असं रमतगमत हिंडण्याची रीत इंग्लंडात रुजली. १८७८ मध्ये हॅरोगेट इथे सायकलप्रवाशांचा क्लब निघाला, तेव्हा सायकलचं पुढचं चाक जवळजवळ माणसाएवढं उंच होतं आणि तीवर बसणं हे धाडसी तरुणांचं काम होतं. कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये दोन्ही चाकं सारखी असलेली ‘रोव्हर’ आणली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला, आणि कारकून-शिक्षकांनाही रविवारची गावं खुली झाली. पूर्व इंग्लंडातला फेन्सचा सपाट मुलूख अशा हिंडण्यासाठी सोयीचा. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडेन या डच इंजिनिअरच्या देखरेखीखाली तिथली दलदल उपसून शेतजमीन काढली गेली. तिथे चढ म्हणून नाही, आणि ईली गावाचं कॅथीड्रल कित्येक मैलांवरून दिसत राहतं.

नागपूरच्या ईशान्येला हेच काम रामटेकचा डोंगर करतो.

नागपूर ते रामटेक साधारण पन्नास किलोमीटर. कामठीपर्यंतचा रस्ता गर्दीचा. १८२१ मध्ये वसवलेल्या छावणीचं हे गाव भल्या सकाळी ओलांडलेलं बरं. कन्हान नदीचा पूल झाला की मी महामार्ग सोडून गावरस्ता धरण्याच्या मताचा आहे. चव्वेचाळीस क्रमांकाच्या महामार्गावर ट्रकचा वारा सायकल हलवतो, आणि तिथून दिसतात ते फक्त ढाबे. आतल्या रस्त्यांना पेंचच्या कालव्याचं पाणी आहे, धानाच्या बांध्या आहेत. चौकातल्या टपरीवर तर्री-पोहे मिळतात आणि पानठेल्यावर बसलेला एखादा म्हातारा हमखास विचारतो, “काहून भाऊ, गाडी बिघडली का?” सायकल हौसेनं चालवतोय, हे सांगितलं की तो पटकन विश्वास ठेवत नाही. पण रस्ता मात्र बिनचूक सांगतो.

नगरधन हे रामटेकच्या दक्षिणेचं गाव. इथला किल्ला भोसल्यांच्या काळातला, पण गाव त्याहून हजारेक वर्षांनी जुनं. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली होती. तो लवकर वारला आणि पाचव्या शतकाच्या आरंभी मुलं अज्ञान असताना या बाईने राज्य चालवलं. तिचा पुण्यात मिळालेला ताम्रपट नंदिवर्धनातून दिलेला आहे. २०१५ ते २०१८ या काळात राज्याचं पुरातत्त्व खातं आणि डेक्कन कॉलेज यांनी नगरधनात उत्खनन केलं, तेव्हा प्रभावतीच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. तिच्यावर शंख आहे. सासर बहुतांशी शैव, पण प्रभावती विष्णुभक्त. मुद्रेवरही तिने माहेरचा देवच ठेवलेला दिसतो.

प्रभावतीचा दुसरा ताम्रपट रिद्धपूरचा. तो तिने रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिल्याचा त्यात उल्लेख आहे. हा रामगिरी म्हणजे रामटेकचा डोंगर. ग्रंथालयात हे वाक्य औपचारिक वाटतं. नगरधनकडून रामटेककडे सायकल हाणताना मात्र डोंगर सतत समोर असतो आणि राजधानीतून देवाच्या पायाशी जाणं किती जवळचं होतं ते कळतं. पालखीला अर्धा दिवसही लागला नसता. मोटारीने गेलं की ही दोन निरनिराळी ‘स्थळं’ होतात. सायकलवर तो एका घराण्याचा रोजचा वावर वाटतो.

डोंगरावर बहुतेक लोक थेट राम-लक्ष्मणाच्या देवळाकडे जातात. वाटेतल्या वराहापाशी मात्र थांबतात, कारण त्याच्या पोटाखालून पापी माणूस जाऊ शकत नाही, अशी समजूत आहे. रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह या दोन बुटक्या देवळांत सहसा कुणी डोकावत नाही. ही वाकाटककालीन आहेत, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या बांधीव देवळांपैकी. केवल नरसिंहाच्या भिंतीत एक झिजलेला शिलालेख आहे. प्रभावतीच्या मुलीने आईच्या पुण्यासाठी देऊळ बांधल्याचा अर्थ अभ्यासकांनी त्यातून काढला आहे. आजच्या पाट्यांवर राम आहे, कालिदासही आहे, पण या मायलेकींना जागा नाही, हे मला खटकतं.

रामटेकच्या पश्चिमेला मनसर. मँगनीजच्या खाणींचं गाव. इथल्या हिडिंबा टेकडीवर १९९७-९८ पासून जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी खोदकाम केलं आणि विटांचा प्रचंड डोलारा बाहेर आला. उत्खनन करणाऱ्यांनी तिथे बौद्ध अवशेषही ओळखले. हॉलंडचे हान्स बाकर म्हणतात, हे प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने बांधलेलं प्रवरेश्वराचं शिवमंदिर आणि शेजारीच त्याची नवी राजधानी प्रवरपूर. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मात्र प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मांडलं होतं. मला बाकरांचं म्हणणं पटतं आणि त्याचं एक कारण अंतराचं आहे. नंदिवर्धन, रामगिरी आणि मनसर एका सकाळच्या टप्प्यात येतात. पवनार बरंच लांब आणि दुसऱ्या दिशेला. अर्थात सायकलने पुरातत्त्वाचे वाद मिटत नाहीत, आणि मिराशींच्या व्यासंगापुढे माझं मत ते काय!

नागपूर शहराच्या दुसऱ्या टोकाला, काटोल रोडने थोडं बाहेर पडलं की जुनापाणी. इथे शेताच्या कडेने सुमारे तीनशे शिळावर्तुळं आहेत, लोहयुगातली दफनं. मध्य प्रांतातले इंग्रज अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी एकोणिसाव्या शतकात यातली काही उकरली. विदर्भातल्या अशा वर्तुळांत माणसाबरोबर घोडा, त्याचा लगाम, कपाळावरचं तांब्याचं आभूषण सापडलं आहे. जवळच माहुरझरी, प्राचीन काळी मण्यांच्या कारागिरीचं गाव. इकडची माती काळी, पीक कापूस-तुरीचं. पुढे संत्र्याच्या बागा लागतात. बाभळीचे काटे मुबलक, तेव्हा पॅच, सोल्युशन आणि पंप बरोबर असू द्या.

इंग्लंडात १९६८ च्या कायद्याने घोडेस्वारांच्या जुन्या वाटांवर सायकलस्वारांना हक्क मिळाला. आपल्याकडे तशा वाटा आहेतच: पांदण रस्ते. शेतात बंड्या नेण्यासाठीचे, सरकारी नकाशात असलेले आणि जागोजागी नांगराखाली गेलेले. ते मोकळे करायला २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. ती शेतकऱ्यासाठी आहे आणि तशीच असावी. पण खुल्या झालेल्या पांदणीवर ‘नगरधन इकडे’ एवढी एक पाटी लावायला वेगळी योजना लागत नाही. जिल्हा परिषदेने एवढं करावं.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४७ च्या पुढे गेलेला आहे आणि पावसात काळी माती चाक सोडत नाही. म्हणजे पावसाळा संपल्यापासून माघापर्यंतचे दिवस खरे. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला यात्रा असते; देवळं निवांत बघायची तर तो दिवस टाळा. पाणी जास्त घ्या, परतीच्या उन्हाचा अंदाज आधी बांधा. आणि नगरधनच्या वावरात खापर किंवा माहुरझरीत मणी दिसला तर बघा, पण उचलू नका. तो कुठे पडला होता हे हरवलं की अभ्यासकाच्या लेखी त्याची किंमत जवळपास संपते. सापडलेल्या वस्तू बघायच्या असतील तर नागपुरातच १८६३ पासूनचं ‘अजब बंगला’ हे संग्रहालय आहे. निघण्याआधी एक दुपार तिथे घालवा.