नऊवारी : नेसायची साडी, जपायची विद्या

हैदराबादच्या मराठी घरांत गुढीपाडवा, गौरी, मंगळागौर आणि लग्नकार्य आले की नऊवारीची आठवण होते. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर लांबीचे, शिवण नसलेले एकच कापड. परकराची गरज नाही. एका टोकाकडचा भाग कमरेभोवती घेऊन पुढे घट्ट गाठ मारायची, दुसरे टोक उजव्या काखेखालून काढून डाव्या खांद्यावर पदर घ्यायचा. मधल्या कापडाच्या निऱ्या करून पोटाशी खोचायच्या आणि त्यांचा खालचा भाग पायांमधून मागे नेऊन खोचला की झाला काष्टा. पाय मोकळे राहतात, म्हणून शेतात राबणारी बाई, मासळी विकणारी कोळीण आणि सोवळ्यात स्वयंपाक करणारी गृहिणी या सगळ्या नऊवारीच नेसत. फक्त नेसण्याची तऱ्हा आणि उंची कामाप्रमाणे बदले.

आपल्या शहराचा या वस्त्राशी जवळचा संबंध आहे. पैठणीचे पैठण 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता. महाराष्ट्रात आवडीने नेसली जाणारी नारायणपेठी तर तेलंगणातल्याच नारायणपेठेची. शिवाजी महाराजांच्या सैन्याबरोबर आलेले विणकर तिथे स्थायिक झाले, असे परंपरेने सांगतात. इरकल येते ती कर्नाटकातल्या इळकलहून. तेलंगणातल्या खेड्यांतही जुन्या बायका कासोटा घालून साडी नेसतात, तिला तेलुगूत ‘गोची’ म्हणतात. म्हणजे काष्टा ही आपली ओळख खरी, पण शेजाऱ्यांशी असलेले नातेही त्यातूनच दिसते.

आज बाजारात शिवलेली नऊवारी मिळते. नाच, ढोलपथक, घाईचा समारंभ यांसाठी ती सोयीची आहे, आणि तिच्यामुळे अनेक मुली नऊवारीकडे वळल्या, हेही मान्य करायला हवे. पण मराठीत साडी ‘नेसतात’ आणि शिवलेले कपडे ‘घालतात’. सगळेच घालू लागलो, तर नेसण्याची विद्या एका पिढीत जाईल. ती पुस्तकात नसते, हातात असते. ज्यांच्या हातात आहे, त्या आपल्या आज्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

व्हिएतनाममध्ये ‘आओ झाय’ हा लांब अंगरखा आणि विजार असा पोशाख अनेक माध्यमिक शाळांतल्या मुलींचा गणवेश आहे, म्हणून तो केवळ सणापुरता उरला नाही. वस्त्र वापरात राहिले की टिकते.

म्हणून सभासद भगिनींना आमची विनंती : ट्रंकेतल्या जुन्या नऊवारी कापून ड्रेस शिवण्याआधी एकदा घरातल्या मोठ्यांना विचारा. येत्या हळदीकुंकवाला एक तरी मुलगी आजीच्या हातून नऊवारी नेसून येऊ द्या. निऱ्या पहिल्यांदा सुटतील, काष्टा सैल होईल. तिसऱ्या खेपेला बसेल. नेसवताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा आणि आपल्या घराण्याची नेसण्याची पद्धत दोन ओळींत लिहून ठेवा. पुढच्या पिढीला साडीसोबत तेही द्यायचे आहे.