मधले महिने

गरोदरपणाचे दोन काळ आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात. सुरुवातीचे तीन महिने म्हणजे उलट्या, कोरडे उमासे, फोडणीच्या वासानं मळमळणं. आणि शेवटचे दिवस म्हणजे धावपळ. मधल्या काळाबद्दल कुणी विचारलं की उत्तर येतं, "आता काही काळजी नाही, आता मजेत आहे ती." आकाशवाणीवर बोलायला विषय निवडायचा होता तेव्हा मी हे मधले महिनेच मागून घेतले. मी डॉक्टर नाही. कविता लिहिते, बी.ए. झालेली आहे, दोन मुलांची आई आहे. अलीकडे सुनेबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बरंच विचारलं, वाचलं. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली. या महिन्यांत बाईला बरं वाटतं आणि बरं वाटतं म्हणूनच घरचे दवाखान्याची फेरी टाळतात. पुढचं बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून ज्या गोष्टी करायच्या, त्यातल्या बऱ्याच मात्र याच काळात असतात.

आधी हिशेब नीट करू. घरात आपण महिने मोजतो, डॉक्टर आठवडे मोजतात. 'पाचवा लागला' म्हणतो तेव्हा चार महिने पूर्ण झालेले असतात. काही घरांत पाळी चुकली तिथून पहिला महिना धरतात, म्हणजे आणखी एका महिन्याचा घोळ. दवाखान्यात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून ४० आठवडे धरतात. त्यातला साधारण १४ ते २७ आठवड्यांचा हा मधला टप्पा. माझ्या सासूबाई चांदाच्या महिन्यांनी मोजायच्या. "रजबमध्ये दिवस गेले" असं म्हणायच्या आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. पण सिस्टरांना रजब सांगून भागत नाही, त्यांना तारीख लागते. ती कॅलेंडरवर लिहून ठेवा.

या टप्प्यात बहुतेकींच्या उलट्या ओसरतात, भूक लागते, तोंडावर तेज येतं. गर्भाशय ओटीपोटातून वर सरकतं आणि विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्याची वरची कड बेंबीपाशी येते. बेंबीखाली एक काळसर रेघ उमटते. पटकन कूस बदलली की जांघेत कळ येते, कारण गर्भाशयाला धरून ठेवणारे बंध ताणले जातात. रक्तदाब थोडा उतरतो, म्हणून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, छातीत जळजळतं. अंगावरून पांढरं थोडं जास्त जातं. त्याला वास किंवा खाज नसेल तर घाबरायचं कारण नाही.

आणि याच दिवसांत बाळ हलल्याचं पहिल्यांदा कळतं. पहिलटकरणीला बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, दुसऱ्या खेपेला थोडं आधी. आम्ही कवी मंडळी या ठिकाणी फुलपाखरू फडफडवतो. बायकांना विचारा, त्या सांगतात, "पोटात गॅस सरकल्यासारखं वाटलं." मला ही उपमा जास्त खरी वाटते. तेव्हा बाळाचं वजन असतं जेमतेम ३०० ग्रॅम. सहाव्या-सातव्या महिन्यात ते आवाजाला दाद देऊ लागतं. आईचा आवाज त्याला बाहेरून आणि तिच्या अंगातूनही पोचतो. तेव्हा अंगाई म्हणा, ओवी म्हणा, नात म्हणा, नाहीतर शेजारणीशी गप्पा मारा. त्यासाठी महागड्या वर्गाला पैसे भरायची गरज नाही, असं माझं मत आहे.

आता डोहाळे. हा आम्हा लिहिणाऱ्यांच्या आवडीचा प्रांत. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणी माती खाते आणि राजा दिलीपाला तिच्या मुखाच्या त्या मृद्गंधाची भूल पडते. होणारा मुलगा पृथ्वीचा उपभोग घेणार म्हणून आईला मातीची चव, असा कवीनं त्याचा अर्थ लावला आहे. महाकवीला तो शोभतो. पण आपल्या घरात लेक किंवा सून पाटीवरची पेन्सिल, विटकरीचा तुकडा, चुलीतली राख खाताना दिसली, सारखे कच्चे तांदूळ चघळू लागली, तर डोहाळे म्हणून हसून सोडू नका. अंगात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते. शिवाय मातीबरोबर जंतही पोटात जातात आणि आणखी रक्त कमी होतं. तिला रागवूही नका. तिचं रक्त तपासून घ्या.

या महिन्यांत रक्त कमी का भरतं, तेही समजून घेण्यासारखं आहे. बाळाला पुरवठा करायचा म्हणून आईच्या अंगातलं रक्त वाढतं, पण त्यातला पाण्याचा भाग जास्त वाढतो आणि तांबड्या पेशी त्या मानानं कमी. कालवणात पाणी वाढवावं आणि तिखट तेवढंच ठेवावं, तसं. मुळातच रक्त कमी असलेली बाई इथं अडचणीत येते, आणि अशा बायका थोड्या नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की आपल्याकडे रक्त कमी धरतात. अशा बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तो सोसण्याइतकी शिल्लक तिच्या अंगात नसते.

म्हणून चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची लाल गोळी देतात. रोज एक, निदान १८० दिवस. ती मिळते सगळ्यांना, पण पोटात जाते किती जणींच्या? शौचाला काळं होतं, पोट धरतं, मळमळतं, आणि पाकीट फडताळात जाऊन पडतं. काळं होणं त्या गोळीनंच होतं, त्यात वाईट काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीपासून दोन तास तरी लांब. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून त्यांनी रक्त वाढतं ही समजूत भाबडी आहे. खायला छान आहेत, जरूर खावीत. पण ती गोळीची जागा घेत नाहीत. पालेभाज्या, डाळी, मोड आलेली कडधान्यं, बाजरी, आणि खाणाऱ्यांनी मटण, मासे, अंडी हा खरा आधार. केशराचं म्हणाल, तर केशरानं दुधाचा रंग बदलतो, बाळाचा नाही.

तपासण्यांचं थोडक्यात सांगते. १८ ते २० आठवड्यांत एक सोनोग्राफी होते. तिच्यात बाळाचं डोकं, मणका, हृदय, मूत्रपिंडं, हातपाय नीट घडले आहेत का, वार कुठे आहे, हे पाहतात. मुलगा की मुलगी हे सांगणं १९९४च्या कायद्यानं गुन्हा आहे, आणि विचारणंही. मोठा दोष निघालाच तर निर्णयाला वेळ हवा. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताची मर्यादा काही ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवडे आहे. त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. म्हणून 'सातव्यात एकदमच करू' असं म्हणू नये. २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी. पहिल्या भेटीत झाली असली तरी पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात, दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. घरात कुणाला साखर नसली तरी तो होऊ शकतो आणि कळायला लक्षण काहीच नसतं. धनुर्वाताची इंजेक्शनं आणि जंताची गोळी हेही याच महिन्यांत.

आमच्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, रोज्यांचा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजे पुढे ढकलण्याची सवलत धर्मानंच दिली आहे. राहिलेल्यांची कज़ा नंतर करता येते. तरी एखादी आपा म्हणते, "आम्ही तर नववा लागला तरी ठेवायचो." शेजारच्या काकूही हरतालिकेच्या निर्जळी उपासाबद्दल असंच म्हणतात. दोघींचा मान राखून मी सुनेला सांगितलं, आधी डॉक्टरांना विचार. उन्हाळ्यात पाण्याविना दिवस काढणं हा साधा मामला नव्हे. ग्रहणात विळी धरायची नाही, ही धास्ती मात्र दोन्ही आळ्यांत सारखीच आहे. त्या दिवशी जेवणाची हेळसांड झाली तर तिचाच खरा त्रास.

काही खुणा दिसल्या तर घरी बसून वाट पाहायची नाही. अंगावरून थेंबभर का होईना लाल जाणं, पाणी जाणं, ठरावीक वेळानं पोट दगडासारखं होणं, ताप, नीट जाणवू लागलेली हालचाल मंदावणं. विसाव्या आठवड्यानंतर डोकं सारखं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीच्या खाली दुखणं, तोंडावर आणि हातांवर सूज. हा वाढलेला रक्तदाब असू शकतो. तो १४०/९०च्या वर गेला तर थांबायला वेळ नसतो. संध्याकाळी पावलं थोडी सुजणं वेगळं, सकाळी उठल्यावर बांगड्या रुतणं वेगळं.

शेवटी कागदांचं. सातवा लागला की चोळी, फुलं, सतवांसा किंवा डोहाळजेवण होतं आणि लेक माहेरी जाते. साड्यांची पेटी जाते, कार्ड सासरीच राहतं. नव्या गावच्या डॉक्टरांना तिचा रक्तगट, रक्त, साखर, दाब, सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. ऊसतोडीला निघालेल्या बाईचं तर बिऱ्हाडच बैलगाडीवर असतं. तिचा पाचवा-सहावा फडातच सरतो, डोक्यावर मोळी घेऊन. माता-बाल संरक्षण कार्ड तिनं जवळ ठेवलं तर कुठल्याही गावच्या आरोग्य केंद्रात ते चालतं. आशाताईंना फोन करून तिथल्या ताईंचा पत्ताही विचारता येतो. २०१६पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर स्त्रियांना डॉक्टर मोफत तपासतात. ९ तारखेला रविवार किंवा सुटी आली तर कामाच्या दुसऱ्या दिवशी जायचं. जाताना कार्ड आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर न्यायचे.